दोन वूफर, मधे एक फळी

वूफर बोलतो तसा ऐकतोही, हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असा नियम मी बरीच वर्षं पाळला. सांगितलं की माणसं एक तर हसतात, नाहीतर डिकीकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागतात. दोन्हीचा धंद्याला उपयोग नाही.

यात चेटूक काही नाही. वूफर म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर. त्याच्या पडद्यामागे तारेचं वेटोळं असतं आणि त्याच्याभोवती लोहचुंबक. तारेत वीज सोडली की पडदा हलतो, तो झाला आवाज. आता उलट करा. पडदा हाताने हलवा, की तारेत वीज तयार होते. चिमूटभरच, पण होते. म्हणजे दोन वूफर एकमेकांना जोडलेले असले आणि तुम्ही एकाचा पडदा तळव्याने झटकन आत दाबला, तर दुसऱ्याचा पडदा आपोआप नखभर आत जातो. गाडी बंद, अ‍ॅम्प्लिफायर बंद, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली असली तरी जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतः दोन पावलं मागे सरकलो होतो.

बिबवेवाडीत माझं गाळ्याएवढं दुकान होतं. एकतीस वर्षं मी गाड्यांमधे आवाज बसवला, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून बंद केलं. बाकीचे लोक जोडणी तपासायला पेन्सिल सेल लावतात, मी तळवा लावायचो. अधिकला अधिक आणि उण्याला उणं जोडलेलं असलं की एक पडदा दाबल्यावर दुसराही आत जातो. तार उलटी लागली असली तर दुसरा बाहेर येतो. आता एक भानगड अशी की दोन्ही वूफर एकाच खोक्यात असले तर आतली हवाही दुसऱ्याला बाहेर ढकलते आणि मग कळत नाही ही तार की हवा. म्हणून मी खोक्याच्या मधोमध फळी ठोकायचो आणि कडेने सरस भरून हवा बंद करायचो. तारेतून गेलेली थाप दुसऱ्याला आत ओढते, हवेतून गेलेली बाहेर ढकलते. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, बाकी सगळं विसरलं तरी माझी हरकत नाही.

उलट्या तारेची एक गाडी मांजरी गावाहून आली होती. घरचा ऊस, नवी कोरी गाडी, आणि मालक एवढे चिडलेले की दारातूनच सुरुवात. “ह्ये बगा, भूत हाय गाडीत. समदं हलतंय, आन आवाज न्हाई.” मी डिकी उघडून गाणं लावलं. दोन्ही पडदे जीव तोडून हलत होते, आणि ढिम्म आवाज नव्हता. एक आत जाई तेव्हा दुसरा बाहेर येई, आणि दोघं मिळून एकमेकांना खाऊन टाकत होते. कारण ठाऊक असूनही ते बघवत नाही हो. समोर एक माणूस ओरडतोय, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही, तसं वाटतं. मी दोन तारांची अदलाबदल केली आणि दुकानाचं शटर थरथरलं. मालक म्हणाले, उतारा चांगला केलात. मी म्हटलं, आमच्याकडे उताऱ्याला नारळ लागत नाही, स्क्रूड्रायव्हर पुरतो.

तेव्हा असं बोलायला मला फार आवडायचं. एकतीस वर्षांत गाडीतल्या आवाजाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही असा प्रश्न आला नव्हता. केतकी खळदकरच्या गाडीपर्यंत.

केतकी ढोल वाजवायची. दिवसा संगणकाच्या कंपनीत नोकरी, संध्याकाळी पथकाचा सराव. वय सत्तावीस-अठ्ठावीस, हाताला घट्टे, आणि बोलण्यात सगळं इंग्रजी-मराठी भेळ. ती आली गणपतीच्या आधी महिनाभर. तिला गाणी ऐकायला वूफर नकोच होते. पथकाच्या मधोमध उभं राहिल्यावर ढोल कानाला नाही, बरगडीला लागतो, तसा तिला गाडीत लागायला हवा होता. मोबाईलवर सरावाचं रेकॉर्डिंग घेऊनच आली होती. म्हणाली, काका, हे वाजवून दाखवा, मग मी हो म्हणेन. अशी गिऱ्हाइकं मला आवडतात. बाकीचे फक्त शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा मोठा द्या म्हणतात.

मी तिला बारा इंची दोन वूफर, मधे फळी घातलेलं खोकं, आणि सीटखाली अ‍ॅम्प असं करून द्यायचं ठरवलं. ती पूर्ण दिवस दुकानात स्टुलावर बसून होती. मी तळव्याने जोडणी तपासली तेव्हा तिने विचारलं, हे काय? नियम मोडून मी तिला सांगितलं. मग तिने स्वतः एका पडद्यावर डावा हात ठेवला, उजव्याने दुसरा दाबला, आणि डोळे मिटले.

“काका, हे ढोलासारखंच आहे,” ती म्हणाली. “एका बाजूच्या पानावर टिपरू पडलं की दुसऱ्या बाजूच्या पानावरच्या हाताला कळतं. न बघता कळतं.”

त्यानंतर दहा मिनिटांनी मी जे केलं, त्यासाठी खरं तर हा लेख लिहितोय.

अ‍ॅम्पला तीन तारा लागतात. जाड लाल, थेट बॅटरीकडून. जाड काळी, गाडीच्या पत्र्याला. आणि तिसरी बारीक, तिला आम्ही उठवायची तार म्हणतो. गाडी चालू झाली की या तारेतून अ‍ॅम्पला निरोप जातो की ऊठ, आणि गाडी बंद झाली की तो झोपतो. ही तार स्टिअरिंगखालचं झाकण उघडून आतल्या फ्यूजवरून घ्यावी लागते. पण चाचणी घेताना कोण झाकण उघडत बसतो? आम्ही बोटभर लाल तारेचा तुकडा घेतो, अ‍ॅम्पच्या लाल टोकावरून उठवायच्या टोकावर टाकतो, अ‍ॅम्प जागा होतो. काम झाल्यावर तो तुकडा काढायचा आणि खरी तार ओढायची. त्या तुकड्याला जम्पर म्हणतात. राहून गेला तर अ‍ॅम्प कधीच झोपत नाही, गाडी बंद असतानाही बॅटरी पीत बसतो.

सणाची गर्दी होती, दारात चार गाड्या उभ्या होत्या. केतकीचं रेकॉर्डिंग वाजलं, तिच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला, आणि मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की विचारू नका. तिला सरावाला जायचं होतं. “काका, झालं ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, झालं. आणि सीट खाली ओढून स्क्रू आवळले.

पुढे सात-आठ महिन्यांनी खळदकर साहेब दुकानात आले. केतकीचे वडील, सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला पेन. गाडीची बॅटरी टिकत नाही म्हणाले. दोनदा नवी टाकली. बॅटरीवाल्याने शेवटी सांगितलं की आवाजवाल्याला दाखवा. मी सहज विचारलं, केतकी गाडी फारशी काढत नाही का? ते म्हणाले, केतकी गेली. सहा महिने झाले. सकाळी ऑफिसला निघाली होती, दुचाकीवरून, मागून टेम्पो आला. हे त्यांनी अगदी अर्ज वाचून दाखवावा तसं सांगितलं, आणि लगेच म्हणाले, तुम्ही घरी येऊन बघाल का, कारण गाडी बाहेर काढलेली हिला चालत नाही.

त्यांची सोसायटी माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. पार्किंगमधे लख्ख ऊन, कोपऱ्यात कुणीतरी गाडी पुसत होतं, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. केतकीच्या गाडीची डिकी उघडी होती आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. केतकीची आई. त्यांचा उजवा तळवा एका वूफरच्या पडद्यावर होता. आमच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “थांबा. आता येईल.”

आम्ही उभे राहिलो. गाडी बंद होती. किल्ली साहेबांच्या हातात मला दिसत होती.

थप्.

हलकीच. ढोलावर कुणी बोटांच्या पेरांनी मारावी तशी. मग शांतता. मी मनात पंधरापर्यंत मोजलं. थप्. मग वीस मोजले. थप्. वहिनींचा हात प्रत्येक वेळी किंचित उचलला जात होता. हळूहळू मधलं अंतर वाढत गेलं, थाप बारीक होत गेली, आणि शेवटी थांबली. वहिनींनी पदराने पडदा पुसला, डिकी लावली आणि चहा टाकायला वर गेल्या. साहेब म्हणाले, रोज असंच होतं. ते रोज सकाळी शेजाऱ्याच्या बॅटरीला तारा जोडून वीस मिनिटं गाडी चालू करून ठेवतात, दुपारी चारच्या सुमाराला थापा सुरू होतात, आणि मग बॅटरी संपते. हिला वाटतं ती येते. मला काय वाटतं ते विचारू नका.

माझ्या अंगावर भर उन्हात शहारा आला होता, पण भुताचा नाही. मला पहिल्या दोन थापांतच कळलं होतं. बॅटरी उतरत आली की अ‍ॅम्प स्वतःला बंद करून घेतो. ओझं कमी झालं की बॅटरी जरा सावरते, अ‍ॅम्प पुन्हा उठतो, आणि उठताना पडद्याला एक धक्का देतो. पुन्हा बसतो, पुन्हा उठतो, जीव संपेपर्यंत. पण त्यासाठी गाडी बंद असताना अ‍ॅम्प जागा असायला हवा.

मी सीटखाली हात घातला. जम्पर तिथेच होता. बोटभर लाल तार, मीच सोललेली, मीच वळलेली. माझी वळण्याची पद्धत मी कुठेही ओळखेन. तो काढला आणि मुठीत धरला.

साहेब माझ्या मागेच उभे होते. जिन्याकडे एकदा बघून घेऊन ते हळू आवाजात बोलायला लागले. केतकी तीन दिवस घरून काम करत होती, गाडी जागेवर उभी होती. त्या आधीच्या आठवड्यातही एकदा गाडी सुरू झाली नव्हती. ती म्हणाली होती, बाबा, बॅटरी दाखवून आणाल का? साहेब म्हणाले, रविवारी बघू. त्या सकाळी गाडी सुरू झाली नाही म्हणून तिने दुचाकी काढली. “पवार, मला एवढंच सांगा. त्या दिवशी जर मी आधीच बॅटरी बदलून आणली असती, तर गाडी सुरू झाली असती ना?”

हो म्हणणं सोपं होतं. म्हणजे मी मोकळा, आणि त्यांनी जन्मभर तो रविवार उरावर घेऊन बसायचं. नाही म्हटलं तर पुढचं सांगावं लागणार.  वर्षानुवर्षं लोकांना उत्तरं तोंडावर फेकणारा मी, त्या पार्किंगमधे शाळेतल्या पोरासारखा उभा होतो.

मी मूठ उघडली. जम्पर म्हणजे काय ते सांगितलं. नवी बॅटरी घातली असती तरी तीन दिवसांत तीही बसली असती, हे सांगितलं. मी विसरलो, असं म्हणालो, आणि मग तेही खोटं वाटलं म्हणून म्हणालो, विसरलो नव्हतो साहेब, गर्दी होती, नंतर बघू असं म्हटलं होतं.

त्यांनी तो तुकडा घेतला, उन्हात धरून बघितला. “नीट करायला किती वेळ लागला असता?”

“दहा मिनिटं.”

 मला वाटलं आता हात उठेल, आणि उठला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तार खिशात पेनाशेजारी ठेवली. “मग असं म्हणू,” ते म्हणाले. “दहा मिनिटं तुमची आणि रविवार माझा. हिला सांगायचं नाही.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. सीट उघडी, तारा बाहेर आलेल्या बघून त्यांचा चेहराच उतरला. “आता थाप येणार नाही का?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अ‍ॅम्प तसाच ठेवणं शक्य नव्हतं, उतरलेल्या बॅटरीवर असा रोज ठेचकाळत राहिला तर एक दिवस आतून जळाला असता. मी म्हटलं, वहिनी, आपोआप येणार नाही. तुम्ही दिलीत तर येईल. अ‍ॅम्पच्या तारा मी सोडवल्या, दोन्ही वूफर मात्र एकमेकांना जोडलेले ठेवले. वहिनींना एक पडदा झटकन दाबायला सांगितला आणि साहेबांचा हात धरून दुसऱ्यावर ठेवला. वहिनींनी दाबला. साहेबांचे डोळे एकदम माझ्याकडे वळले.

“आली?” वहिनींनी विचारलं.

“आली,” साहेब म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, “मग ती आता मधे आहे.” मी तार, वेटोळं, चुंबक असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

त्याला चार वर्षं झाली. रोज दुपारी चारला दोघं डिकीपाशी येतात. वहिनी इकडून दाबतात, साहेब तिकडे हात ठेवतात, आली का, आली, आणि वर जाऊन चहा. दरवर्षी गणपतीच्या आधी साहेब मला फोन करतात आणि मी जाऊन जोडणी बघून येतो. दुकान बंद केलं तरी ही एक गाडी मी सोडलेली नाही. गुडघे काय, एक दिवस ओरडतील.

यंदाही गेलो. वहिनी जरा वाकल्यात. मला म्हणाल्या, आज तुम्हीच हात ठेवा, यांना काही धड सांगता येत नाही. मी उकिडवा बसलो, तळवा पडद्यावर टेकवला. त्यांनी तिकडून दाबला. माझ्या हाताखाली पडदा आत गेला. नखभर, पण स्वच्छ. “आली?” मी म्हटलं, आली. त्या समाधानाने वर गेल्या.

मी स्क्रू काढून माझ्या बाजूचा वूफर बाहेर घेतला आणि तसाच बसून राहिलो. अधिकची तार तुटलेली होती. टोकापाशी तुटून खाली लोंबत होती, तोंडाशी हिरवी पूड धरलेली. आजची नव्हे, काही महिन्यांपूर्वीची. मधल्या फळीवर टॉर्च फिरवला, बोटाने सगळीकडे दाबून पाहिलं, सरस जागच्या जागी होता. आणि समजा फट असतीच, तरी हवेने पडदा बाहेर आला असता. माझा हात आत गेला होता.

“काय झालं?” साहेब मागून म्हणाले. मी तार दाखवली.

त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितली, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. “म्हणजे माझा हात मेला नाही तर,” ते म्हणाले. “होळीपासून मला काही लागत नाही, पवार. रोज हिला आली म्हणून सांगतोय. मला वाटलं, माझ्याकडेच यायची बंद झाली.” मग त्यांच्या लक्षात आलं. “पण तुम्ही तर आत्ता आली म्हणालात. तुम्हीही खोटंच बोललात ना?”

“नाही साहेब. आली.”

पार्किंगमधे कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज संपला. साहेबांनी स्वतःलाही ऐकू येईल न येईल इतक्या हळू विचारलं, कशी होती? मी म्हटलं, हलकीच. पेरांनी मारल्यासारखी. त्यांनी मान हलवली आणि वहिनींची प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

“नीट जोडा,” ते म्हणाले. “दहा मिनिटं लागू देत.”

मी तुटकं टोक कापलं, नवी तार सोलली, घासून स्वच्छ केली, कथलाचा डाग दिला आणि गार होईपर्यंत हातात धरून बसलो. घाई केली नाही. वूफर जागेवर बसवून आठही स्क्रू आवळले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा साहेबांचा हात पडद्यावर आधीच टेकलेला होता. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आपल्या बाजूचा पडदा दाबला.

“आली?”

साहेबांनी डोळे मिटले. वहिनी वाट बघत राहिल्या. मग ते आली म्हणाले, आणि चहा निवून गेला तरी त्यांनी हात काढला नाही.